बोटांनंतर पडदा

१९५२ साली एडिंबरोच्या सेल्बी टुलॉक यांनी एका रुग्णाच्या अंडकोशातल्या फुगलेल्या शिरांवर, म्हणजे व्हेरिकोसीलवर, केलेल्या शस्त्रक्रियेची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या वीर्यात शुक्राणू नव्हतेच. शस्त्रक्रियेनंतर ते दिसू लागले आणि पुढे पत्नीला दिवस गेले. व्हेरिकोसीलकडे पुरुष वंध्यत्वाचे बरे करता येण्याजोगे कारण म्हणून डॉक्टर गांभीर्याने पाहू लागले, ते त्यानंतर. मात्र ते शोधायला हाताची बोटेच काय ती होती. शुक्राणूंची आतली वाट तुंबली आहे का, हे पाहायचे तर शुक्रवाहिनीत औषध सोडून एक्स-रे काढावा लागे. त्यात त्या नाजूक नळीलाच इजा होण्याचा धोका!

ग्लासगोत इयान डोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये पोटातल्या गाठींची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली. सोनोग्राफीचे हे तंत्र लवकरच गर्भाकडे वळले. आपल्याकडे तर सोनोग्राफी ही बायकांचीच तपासणी, हा समज अजून गेलेला नाही. मूल होत नाही म्हणून पत्नीच्या रिपोर्टांची फाइल फुगत जाते आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणीही राहून जाते. हे थांबायलाच हवे.

जपानमध्ये हिरोकी वातानाबे यांनी बैठकीतून सोनोग्राफीचा प्रोब वर येणारी खुर्ची बनवली. रुग्ण तिच्यावर बसे आणि गुदमार्गातून प्रोस्टेटचे चित्र मिळे. याच मार्गाने पुढे शुक्राशय आणि स्खलननलिकाही दिसू लागल्या. वीर्य फार कमी, आम्लधर्मी, त्यात शुक्राणू शून्य आणि शुक्राशय १५ मिलिमीटरहून जाड, असे जुळून आले की पुढे अडथळा असल्याचा संशय बळावतो.

सोनोग्राफीच्याच कलर डॉपलर प्रकाराने शिरांमधला प्रवाहच दाखवला. रुग्णाला उभे करतात, श्वास रोखून कुंथायला सांगतात. झडपा निकामी असतील तर रक्त उलटे खाली येते आणि पडद्यावरचा रंग बदलतो. ३ मिलिमीटरहून रुंद शीर असेल तर व्हेरिकोसीलची शंका घेतात.

मग यंत्राला बोटांपेक्षा जास्त दिसू लागले. हाताला न लागणाऱ्या शिरांवरही शस्त्रक्रिया झाल्या, पण त्यांचा ठोस फायदा दिसला नाही. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी अशा शस्त्रक्रियांना नकार दिला, पहिल्याच भेटीत सरसकट सोनोग्राफीही नको म्हटले. युरोपातले तज्ज्ञ मात्र अंडकोशाच्या सोनोग्राफीच्या बाजूने आहेत, कारण वंध्यत्व असलेल्या पुरुषांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो.

शुक्रवाहिनी जन्मतःच नसेल, तर ते आजही आधी बोटांनाच कळते. त्यानंतर प्रोब पोटावर फिरवून मूत्रपिंडे पाहतात. अशा काही पुरुषांना एकच मूत्रपिंड असते आणि त्याचा पत्ता त्यांना तिथेच पहिल्यांदा लागतो.