वादळाचा मोसम आणि आपलं कॅलेंडर

२०२१ सालची रमजान ईद १४ मे रोजी, शुक्रवारी आली. कोरोनाची दुसरी लाट होती, त्यामुळे नमाज घरातच झाली. कुणाकडे जाणं नाही, कुणाचं येणं नाही. कोल्हापुरात आम्ही घरातले सगळे दिवसभर फोनलाच चिकटून होतो. आमची आपा राजापूर तालुक्यात, खाडीकाठच्या एका गावात दिली आहे. तिच्याशी अर्धा तास बोलणं झालं. शिरखुर्मा कसा झाला, मुलांना कपडे मिळाले का, यंदा आंबा किती उतरला, सगळं विचारून झालं. लक्षद्वीपजवळच्या समुद्रात वादळ तयार होत असल्याची बातमी तेव्हा टीव्हीवर चालूच होती. आम्ही ती बघत होतो. फोनवर मात्र त्याबद्दल कुणीच एक शब्द काढला नाही.

दोन दिवसांनी, १६ मे रोजी, ते तौक्ते वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीसमोरून उत्तरेकडे सरकलं. कोल्हापुरात सोसाट्याचा वारा आणि पाऊस सुरू झाला. आम्ही गच्चीवरचे सांडगे-कुरडया आत घेतल्या आणि मग आपाला फोन लावला. लागला नाही. रात्री लागला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. अम्मी जानमाजवरून उठेना.

तिसऱ्या दिवशी दुल्हेभाईंनी रेंज मिळेल अशा टेकाडावर जाऊन फोन केला. सगळे सुखरूप होते. पडवीचे पत्रे उडाले होते, दोन कलमं आडवी झाली होती. वीज नव्हती, त्यामुळे पंप बंद आणि पाणी संपत आलेलं. आपाच्या सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्याही संपल्या होत्या. आपा एवढंच म्हणाली, "ईदच्या दिवशी कुणी बोललं असतं, तर गोळ्या तरी आणून ठेवल्या असत्या."

तिचं हे वाक्य आमच्या घरात अजून निघतं. समुद्र आपल्यापासून घाटापलीकडे, सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, म्हणून वादळाची बातमी आपण दुसऱ्याची समजतो. पण कोल्हापुरातल्या किती तरी घरांच्या मुली, बहिणी, मामा-खाला कोकणात आहेत. ती बातमी आपलीच असते.

मोसम हा शब्द मूळचा अरबी. ठरलेला काळ, हंगाम असा त्याचा अर्थ. अरबी समुद्रातल्या वादळांचाही असा ठरलेला काळ आहे, आणि तो वर्षातून दोनदा येतो. पहिला पावसाच्या तोंडावर, एप्रिल ते जून. दुसरा पाऊस परतताना, ऑक्टोबर ते डिसेंबर. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून जास्त तापलं की त्यावरची दमट हवा वर चढते, खाली हवेचा दाब कमी होतो आणि भोवतालचा वारा गोल फिरत आत ओढला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये खाली पश्चिमेचा आणि वर पूर्वेचा जोराचा वारा असतो. या ओढाताणीत वादळाचा खांब उभाच राहत नाही. म्हणून भर पावसाळ्यात चक्रीवादळ क्वचितच होतं.

पूर्वी अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एखादंच चक्रीवादळ व्हायचं. २०१९ साली पाच झाली : वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. त्याआधी एवढी संख्या १९०२ साली नोंदली गेली होती. क्यार आणि महा तर एकाच वेळी समुद्रात होती. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासल्या. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. समुद्र तापतो आहे, हे त्यामागचं मोठं कारण.

कोल्हापूरकरांना २०१९ म्हटलं की ऑगस्टचा महापूर आठवतो. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली होती. १२ ऑगस्टच्या बकरी ईदला शहराचे किती तरी भाग पाण्यात होते. तो पूर चक्रीवादळाचा नव्हता, मोसमी पावसाचा होता. पण त्यातून सावरतो न सावरतो तोच ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार आलं. किनाऱ्यावर न धडकता ते ओमानच्या दिशेनं गेलं, तरी दिवाळीत पाऊस पडत राहिला. काढणीला आलेलं सोयाबीन, भात, सांगलीकडच्या द्राक्षबागा यांचं नुकसान झालं. म्हणजे वादळ दारात यावंच लागतं असं नाही. लांबून गेलं तरी ताटातलं घेऊन जातं.

आपल्यातली पुष्कळ माणसं आखातात कमावतात, त्यांच्याही वाटेत हाच समुद्र आहे. मे २०१८ मध्ये, ऐन रमजानात, मेकुनू वादळ ओमानच्या सलालाजवळ धडकलं. २०२१ च्या सप्टेंबरअखेर गुलाब नावाचं वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि कमजोर होत मराठवाड्यावर मुसळधार पाऊस पाडून गेलं. त्याचाच अवशेष अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावला, त्याला शाहीन नाव मिळालं आणि ३ ऑक्टोबरला तो ओमानला जाऊन भिडला. इथून गेलेला पाऊस तिथं नोकरीला असलेल्या भावाच्या दारात वादळ होऊन उभा राहिला.

आता कॅलेंडरकडे येऊ. वादळाचे महिने सूर्याच्या हिशेबानं ठरलेले. आपले सण चंद्राच्या हिशेबानं दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. २०२६ ते २०२९ या वर्षांत बकरी ईद एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पहिल्या मोसमात येते. २०३३ ते २०३६ या काळात रमजान दुसऱ्या मोसमात सापडेल. सणाची तयारी आणि वादळाची तयारी एकत्रच करायची वेळ वारंवार येणार.

त्यासाठी आमच्या घरात काही गोष्टी आता ठरल्या आहेत. कोकणातल्या नातेवाइकांची नावं भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ लावली आहेत. हवामान खात्याचा इशारा वादळाच्या दोन-तीन दिवस आधी मिळतो. बंदरावर बावटा लागला किंवा जिल्ह्याला ऑरेंज, रेड अलर्ट आला, की एकेकाला फोन करायचा. फोनवर चार गोष्टी विचारायच्या : पंधरा दिवसांची औषधं आहेत का, पिण्याचं पाणी भरलं का, मोबाइल आणि बॅटरी चार्ज आहे का, पत्रे-कौलं डोक्यावर नकोत म्हणून रात्र कुठल्या पक्क्या घरात काढणार. रेशनकार्ड, आधार, निकाहनामा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायला सांगायचं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर लिहून द्यायचा. बकरी ईद असेल तर गोश्त फ्रिजच्या भरवशावर साठवायचं नाही. वीज दोन-तीन दिवस गेली तर सगळं वाया जातं. वाटे त्याच दिवशी पोहोचते करायचे.

आणखी एक. वारा थांबला की लगेच बाहेर पडू नका. वादळाच्या डोळ्याखाली काही वेळ शांतता होते आणि मग वारा उलट्या दिशेनं सुटतो. खाली लोंबणाऱ्या तारांना हात लावू नका.

गेल्या काही वर्षांत इशारे अधिक नेमके झाले आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर येण्याआधी हजारो लोकांना सुरक्षित जागी हलवता आलं. उलट तौक्तेच्या वेळी इशारा असूनही मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात थांबलेला पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार गेले. इशारा मिळणं आणि तो मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपाच्या घराचे पत्रे आता नटबोल्टनं आवळलेले आहेत. सासूबाईंच्या गोळ्यांचा एक जादा डबा कपाटात असतो. आणि मे महिना लागला की अम्मी सगळ्यात आधी तिलाच फोन लावते. आंब्याची चौकशी नंतर होते. पहिला प्रश्न असतो, "समुद्र काय म्हणतोय?"