कृष्णाकाठचा कुलूपबंद स्फुरद

वाळवा तालुक्यातील शिक्षकांच्या एका शिबिरात मातीविषयी बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर एक शिक्षक माती परीक्षणाचा अहवाल घेऊन जवळ आले. शाळा सांभाळून ते घरची शेतीही पाहतात. ते म्हणाले, "सर, गेली दहा-बारा वर्षे उसाला आणि सोयाबीनला दरवर्षी डीएपी घालतो. तरी अहवालात 'उपलब्ध स्फुरद : कमी' असेच येते. मग माझे खत जाते कुठे?"

प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तरात भूशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र अशा तिन्ही विषयांची गाठ पडते. म्हणून तो वर्गात नेण्यासारखा आहे.

आहे, पण हाती नाही

स्फुरद म्हणजे फॉस्फरस. पेशीतील डीएनए, ऊर्जेची देवाणघेवाण करणारा एटीपी आणि पेशींचे पटल यांत तो असतो. रोप लहान असताना मुळे वाढायला आणि द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी धरायला तो लागतो. तो कमी पडला तर रोप खुजे राहते. मक्याची जुनी पाने जांभळट होतात. सोयाबीनमध्ये मात्र असे ठळक लक्षण क्वचितच दिसते. पीक नुसतेच लहान राहते आणि शेतकऱ्याला वाटते की यंदा पाऊसच बरा झाला नाही.

नत्राचा काही भाग वायुरूपाने हवेत जातो, काही पाण्याबरोबर खोल झिरपतो. स्फुरदाचे तसे नाही. तो वायू होऊन उडत नाही आणि आपल्या भारी जमिनीत फारसा झिरपतही नाही. म्हणजे घातलेला स्फुरद, पिकाने नेलेला आणि मातीबरोबर वाहून गेलेला भाग सोडला, तर शेतातच असला पाहिजे.

थोडे गणित करू. एक हेक्टर शेताच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. दर १०० किलो मातीत ५० ग्रॅम स्फुरद धरला तर त्या थरात १,००० किलो स्फुरद झाला. माती परीक्षणात 'उपलब्ध' म्हणून दिसतो तो यातला फार थोडा भाग. हेक्टरी १० किलोपेक्षा कमी असेल तर 'कमी' आणि २५ किलोच्या वर असेल तर 'जास्त' असे ढोबळ वर्गीकरण आहे. प्रत्यक्ष मातीतल्या पाण्यात विरघळलेला, म्हणजे मुळाला त्या क्षणी शोषता येईल असा स्फुरद तर एक किलोसुद्धा नसतो. आता हेक्टरी २० क्विंटल सोयाबीनच्या दाण्यांतून सुमारे १२ किलो स्फुरद शेताबाहेर जातो. म्हणजे एका हंगामात मातीतल्या पाण्याला आपला रिकामा झालेला साठा बाराहून अधिक वेळा भरून काढावा लागतो. भरून काढण्याचा हा वेग मंदावला की पीक उपाशी राहते, मग खाली हजार किलोंची ठेव का असेना.

(खतांच्या तक्त्यात 'स्फुरद' म्हणून लिहिलेला आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा असतो. त्याला ०.४४ ने गुणले की मूळ फॉस्फरस मिळतो. डीएपीच्या ५० किलोंच्या पोत्यात तक्त्याप्रमाणे २३ किलो स्फुरद, म्हणजे सुमारे १० किलो फॉस्फरस असतो. वरच्या गणितातले आकडे मूळ फॉस्फरसचे आहेत.)

एकच खडक, दोन कुलपे

ही ठेव कुलूपबंद का होते ते पाहण्यासाठी कृष्णेच्या काठाने प्रवास करू. महाबळेश्वरला उगम पावून ती वाई, माहुली, कऱ्हाड असे करत सांगली-मिरजेकडे जाते. या सगळ्या वाटेवर खाली खडक एकच आहे, तो म्हणजे दख्खनचा काळा बेसॉल्ट. तरी महाबळेश्वरची माती तांबडी आणि सांगलीची काळी. हा फरक मुख्यतः पावसाने केला आहे.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हजारो वर्षे पडणाऱ्या या पाण्याने खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेले. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. हीच जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी माती. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो आणि माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. येथे कॅल्शियम धुऊन गेले नाही, उलट साठले. काळ्या जमिनीत नांगरताना चुनखडीचे पांढरे खडे वर येतात ते यामुळेच. या मातीचा सामू बहुधा ८ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो.

खतातून आलेला विद्राव्य फॉस्फेट आयन या दोन्ही ठिकाणी अडकतो, पण वेगवेगळ्या कुलपांत. महाबळेश्वर-पाटणच्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरतात. कृष्णाकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत कॅल्शियमशी त्याचा संयोग होतो आणि कालांतराने अधिकाधिक अविद्राव्य कॅल्शियम फॉस्फेट तयार होत जातात. सामू ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर दोन्ही कुलपे त्यातल्या त्यात सैल असतात. म्हणूनच घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारणतः १५ ते २० टक्केच मिळतो. उरलेला वाया गेला असे नाही. त्यातला काही भाग पुढील वर्षांत हळूहळू सुटत राहतो. परंतु सुटण्याचा वेग पिकाच्या गरजेच्या वेळेशी जुळेलच असे नाही.

शिबिरातल्या शिक्षकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. खत शेतातच आहे, कॅल्शियमच्या कुलपात.

पिकांच्या किल्ल्या

मातीत फॉस्फेट जवळजवळ हलत नाही. एका हंगामात तो काही मिलिमीटरच सरकतो. त्यामुळे स्फुरद मुळाकडे येत नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत जावे लागते. बहुतेक पिके यासाठी मायकोरायझा नावाच्या बुरशीची मदत घेतात. बुरशीचे तंतू मुळांच्या पलीकडच्या मातीतला स्फुरद आणून देतात आणि बदल्यात पिकाकडून साखर घेतात. मोहरी आणि तिच्या कुळातले कॅनोला यांना ही मदत मिळत नाही, कारण या कुळातील वनस्पती ती बुरशी जोडतच नाहीत. त्या आपल्या भरपूर मूलरोमांवर आणि मुळांतून स्रवणाऱ्या आम्लांवर भिस्त ठेवतात.

आपल्याकडची दोन पिके याबाबतीत अधिक रंजक आहेत. हरभऱ्याची मुळे सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातले आम्ल, बऱ्याच प्रमाणात बाहेर टाकतात. त्यामुळे कॅल्शियमच्या कुलपातला स्फुरद विरघळतो. काळ्या जमिनीत रब्बीला हरभरा कमी खतावरही तग धरतो, त्यामागचे हे एक कारण. तुरीची गोष्ट वेगळी. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत काम करणाऱ्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिले की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल स्रवते. ते लोहाला पकडते आणि लोहाशी जखडलेला स्फुरद मोकळा करते. म्हणजे हरभऱ्याकडे एका कुलपाची किल्ली आहे आणि तुरीकडे दुसऱ्या. पिकांच्या फेरपालटात आणि आंतरपिकांत कडधान्ये ठेवण्याच्या जुन्या रीतीला नत्राखेरीज हाही आधार आहे.

मग शेतात काय करावे?

पहिली गोष्ट, परीक्षण योग्य पद्धतीने व्हावे. चुनखडीयुक्त जमिनीसाठी ओल्सेन यांची १९५४ ची पद्धत वापरतात. तिच्यात सोडियम बायकार्बोनेटच्या, म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या, द्रावणाने स्फुरद काढून मोजतात. तांबड्या आम्ल जमिनीसाठी ब्रे आणि कुर्ट्झ यांची १९४५ ची पद्धत अधिक योग्य. पाटणची माती आणि पलूसची माती एकाच पद्धतीने मोजली तर आकड्यांची तुलना फसवी ठरू शकते. नमुना घेताना बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा आणि नुकत्याच खत दिलेल्या ओळी टाळाव्यात.

दुसरी गोष्ट, खत कोठे पडते हे किती पडते याइतकेच महत्त्वाचे आहे. विस्कटून टाकलेला स्फुरद अधिक मातीच्या संपर्कात येतो आणि लवकर कुलूपबंद होतो. तोच दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली व बाजूला चार-पाच सेंटिमीटरवर पट्ट्यात दिला, तर कोवळ्या मुळांना तो लगेच सापडतो. सोयाबीनला सगळा स्फुरद पेरणीच्या वेळीच द्यायचा असतो. उभ्या पिकात वरून टाकलेला स्फुरद वरच्या दोन बोटे मातीतच अडकून राहतो. आडसाली उसासाठी शिफारशीतला अर्धा स्फुरद लागणीच्या वेळी सरीत आणि अर्धा मोठ्या बांधणीच्या वेळी मातीआड देतात.

तिसरी गोष्ट, सेंद्रिय खताची सोबत. सिंगल सुपर फॉस्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून दिले तर फॉस्फेटचा मातीशी थेट संपर्क घटतो आणि कुजताना तयार होणारी आम्ले कुलूप सैल करतात. स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रियाही याच तत्त्वावर चालते, मात्र तिचा परिणाम मातीतल्या ओलाव्यावर आणि सेंद्रिय पदार्थांवर बराच अवलंबून असतो. स्फुरदाचा खनिज दगड दळून तसाच घालणे आम्ल तांबड्या मातीत उपयोगी पडते. चुनखडीयुक्त काळ्या मातीत तो विरघळतच नाही, तेथे त्यावर पैसे घालवू नयेत.

चौथी गोष्ट, अहवालात स्फुरद 'जास्त' आला तर खत कमी करण्याचे धैर्य हवे. जादा स्फुरदामुळे पिकाला जस्त मिळेनासे होते. बांधावरून वाहणाऱ्या मातीबरोबर तो ओढ्या-तळ्यांत गेला तर शेवाळ आणि जलपर्णी माजते. शिवाय हे खत परदेशावर अवलंबून आहे. जगातील खनिज फॉस्फेटचे सर्वांत मोठे साठे मोरोक्कोत आहेत. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटडा येथे खाण आहे, पण देशाची गरज तिच्याने भागत नाही. जागतिक भाव भडकल्यामुळे मे २०२१ मध्ये डीएपीच्या एका पोत्यामागील अनुदान ५०० रुपयांवरून १,२०० रुपयांवर न्यावे लागले होते.

वर्गात करून पाहा

कुलूप आणि किल्ली दोन्ही परीक्षानळीत दाखवता येतात. विड्याचा चुना चमचाभर घेऊन बाटलीभर पाण्यात हलवा, बूच लावून रात्रभर ठेवा आणि वरची स्वच्छ निवळी घ्या. चुना डोळ्यांत जाऊ नये म्हणून ही निवळी शिक्षकांनीच काढावी. दुसरीकडे पेलाभर पाण्यात दोन चमचे सिंगल सुपर फॉस्फेट ढवळून तासाभराने गाळून घ्या.

दोन परीक्षानळ्यांत सारखीच चुन्याची निवळी घ्या. एकीत साध्या पाण्याचे दहा थेंब टाका, दुसरीत खताच्या द्रावणाचे दहा थेंब टाका. पहिली नळी स्वच्छ राहते, दुसरीत पांढरा गढूळपणा येतो. हा कॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे कृष्णाकाठचे कुलूप. आता त्यात गाळलेला लिंबाचा रस थेंब थेंब टाकत हलवा. गढूळपणा बराचसा निवळतो. हरभऱ्याचे मूळ मातीत हेच करते.

पुढे विद्यार्थ्यांना घरच्या शेताचा माती परीक्षणाचा अहवाल आणायला सांगावे. सामू आणि उपलब्ध स्फुरद हे दोन आकडे फळ्यावर गावानुसार मांडावेत आणि कोणत्या शेतात कोणते कुलूप असेल ते मुलांनाच ओळखू द्यावे.

शिबिरातल्या त्या शिक्षकांना मी विचारले होते, "डीएपी देता कसे?" ते म्हणाले, "पेरणी झाल्यावर, पहिल्या पावसानंतर विस्कटून." प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर त्यांनी स्वतःच दिले होते.