प्रथिनांच्या अभ्यासक : डॉ. कमला सोहोनी

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात जुन्नर व आंबेगाव हे तालुके आहेत. आंबेगावातील सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाट्याचे पीक घेतात. या भागातील घरांत बटाट्याची भाजी व वालाचे कालवण कोणास नवे नाही. पदार्थ इतके परिचित, की त्यांत काही गूढ दडलेले असेल अशी शंकाही सहसा मनात येत नाही. परंतु एका मराठी विदुषीने आपले महत्त्वाचे संशोधन याच दोन पदार्थांच्या आधारे केले. त्या विदुषी म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे जाणकार होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले होते. थोर लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या वडील भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादन करून कमलाबाईंनी बंगळूरच्या त्याच संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. गुण कमी पडले म्हणून नव्हे. अर्जदार स्त्री होती, म्हणून! संस्थेचे संचालक त्या वेळी नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. कमलाबाई स्वतः बंगळुरास गेल्या आणि त्यांनी न्यायासाठी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला. परंतु पहिले वर्ष परीक्षेचे राहील, अशी अट होती. कमलाबाईंनी वादविवादात शक्ती दवडली नाही. श्रीनिवासय्या या गुरूंच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा त्यांनी कसून अभ्यास केला. वर्ष संपले तेव्हा रामन यांची खात्री पटली आणि संस्थेचे द्वार पुढे इतर विद्यार्थिनींसाठीही उघडले.

यानंतर कमलाबाई इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात दाखल झाल्या. सजीवाचे शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. अन्नातील शक्ती मोकळी करण्याचे काम पेशीत अखंड चालू असते. यालाच पेशीचे श्वसन म्हणतात. या कामी अनेक प्रथिने साखळीने राबतात. आग विझविताना माणसे रांगेत उभी राहून पाण्याची बादली एकमेकांच्या हाती देतात, त्याप्रमाणे ही प्रथिने अतिसूक्ष्म विद्युत्कण एकीकडून दुसरीकडे पोहोचवितात. या रांगेतील लोहयुक्त प्रथिन म्हणजे ‘सायटोक्रोम सी’. कमलाबाईंनी बटाट्याच्या पेशींत या प्रथिनाचा शोध घेतला आणि वनस्पतींच्या श्वसनातही त्याचे कार्य असल्याचे दाखवून दिले. चालणारा प्राणी आणि मातीत वाढणारा बटाटा यांच्या पेशींत श्वासाची रीत एकसारखीच आहे, ही केवढी विलक्षण गोष्ट! या संशोधनाबद्दल १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. ही पदवी मिळाली.

परदेशात कीर्ती मिळविण्याची संधी असतानाही कमलाबाई त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यावर १९४७ साली त्यांचा विवाह माधवराव सोहोनी यांच्याशी झाला आणि पुढे मुंबईची विज्ञान संस्था ही त्यांची कर्मभूमी झाली. गरिबाला प्रथिने मिळतात ती मुख्यतः डाळी-कडधान्यांतून. म्हणून तेथे त्यांनी कडधान्यांचेच संशोधन हाती घेतले. वालासारख्या कडधान्यात, अन्नातील प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारी प्रथिनेही असतात. कमलाबाई व त्यांचे सहकारी यांनी ती शुद्ध स्फटिकरूपात वेगळी केली. उष्णतेने अशा प्रथिनांचा जोर पुष्कळसा ओसरतो. वाल भिजवून, सोलून, नीट शिजवून खाण्याच्या जुन्या चालीमागील एक कारण अशा संशोधनातून उमगते.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. आदिवासी बालकांच्या व गर्भवती स्त्रियांच्या पोषणास नीरा उपयुक्त ठरते, असे त्यांना आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र पात्रता असूनही त्यांच्याकडे उशिरा आले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांना भेसळ ओळखता यावी, म्हणून त्यांनी सोप्या भाषेत लेखन केले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

कमलाबाईंना एका वर्षाच्या कसोटीवर आत घेतले गेले. त्यांनी आपले सारे आयुष्यच त्या कसोटीला उतरविले. मोठे शोध लावण्यासाठी दुर्मीळ वस्तूच हव्यात असे नाही. शेतातला बटाटा आणि चुलीवरचा वालही पुरतो. मात्र पाहणाऱ्याची दृष्टी जिज्ञासू हवी आणि मिळालेले ज्ञान पुन्हा लोकांच्या ताटापर्यंत पोहोचविण्याची तळमळ हवी.