ट्रॅक्टरच्या चाकांत पाणी केव्हा भरावे ?

भारी जमिनीत नांगरट करताना ट्रॅक्टरची मागील चाके पुष्कळदा घसरतात. चाक फिरते, परंतु ट्रॅक्टर त्या मानाने पुढे सरकत नाही. त्यामुळे डिझेल व वेळ वाया जातो आणि टायर लवकर झिजतात. चाकावरील भार वाढविल्यास जमिनीवरील पकड वाढते. मागील टायरमध्ये पाणी भरणे हा त्यावरील अल्प खर्चाचा उपाय होय. १०० लिटर पाण्याने सुमारे १०० किलो वजन वाढते.

मात्र घसरण प्रथम मोजावी. मागील चाकावर खडूने खूण करावी. नांगर उचलून धरून ट्रॅक्टर त्याच शेतात चालवावा व चाकाच्या १० फेऱ्यांत कापलेले अंतर मोजावे. नंतर नांगर जमिनीत लावून पुन्हा १० फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३२ मीटर भरल्यास घसरण २० टक्के झाली, असे समजावे. साधारणतः १० ते १५ टक्के घसरण योग्य मानली जाते. ती याहून अधिक असेल तरच पाणी भरावे.

पाणी भरताना ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इतर चाकांना दगड लावावेत. चाक जॅकने उचलून व्हॉल्व्ह सर्वांत वर येईल असे फिरवावे. हवा सोडून व्हॉल्व्हची पिन काढावी आणि नळीने स्वच्छ, गोडे पाणी भरावे. आतील हवा निघून जाण्यासाठी नळी मधून मधून काढावी. व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर येऊ लागले म्हणजे टायर सुमारे तीन-चतुर्थांश भरला. उरलेली जागा हवेसाठीच ठेवावी. नाहीतर टायरला धक्का सोसता येत नाही. पिन बसवून, माहितीपुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी हवा भरावी. दोन्ही चाकांत पाणी सारखेच असावे.

थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. महाराष्ट्रात त्याची सहसा गरज नाही; शिवाय त्याने रिम गंजते.

अधिक वजनाचे तोटेही ध्यानात ठेवावेत. ओल्या जमिनीत जड चाकाखाली माती दबून घट्ट होते व पिकाच्या मुळांना अडथळा होतो. म्हणून वाफसा आल्यावरच नांगरट करावी. भाताच्या चिखलणीपूर्वी, वाहतुकीच्या हंगामात आणि चाक उतरविण्यापूर्वी पाणी काढून टाकावे. पाण्याने भरलेले चाक अंगावर पडल्यास गंभीर इजा होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घसरण मोजण्याचे प्रात्यक्षिक नांगरटीच्या हंगामापूर्वी शेतावरच करून दाखवावे.