घरी १० लिटर काढा उकळायचाय? गॅस की इंडक्शन, आधी हे गणित करा

सोलापुरात 'घरगुती ब्रूइंग' म्हटलं की आधी हातभट्टी आठवते. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्या बंद करून तिथल्या कुटुंबांना दुसऱ्या रोजगाराकडे वळवण्यासाठी ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं होतं. व्हिडीओ पाहून घरी बिअर करायचा विचार असेल, तर तो इथेच सोडा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, भांडं कितीही छोटं असो.

पण काढा, आलं-लिंबाचं सिरप किंवा कोकम सरबत घरी करून विकणाऱ्यांपुढेही तोच प्रश्न असतो: १० लिटर उकळायचं कशावर?

उकळणं स्वस्त, आटवणं महाग

२५ अंशांचं १० लिटर पाणी उकळायला साधारण ०.८५ युनिट उष्णता लागते. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे सोलापुरात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, पण त्याने फार फरक पडत नाही. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर मीटरवर १ युनिट पडतं आणि २००० वॅटच्या शेगडीवर अर्धा तास लागतो. ६८ टक्के कार्यक्षमतेच्या गॅस शेगडीवर त्याच कामाला सुमारे १०० ग्रॅम गॅस जळतो.

आता तोच काढा निम्मा आटवायचा आहे असं धरा. ५ लिटर पाण्याची वाफ करायला आणखी ३.७ युनिट किंवा ३६० ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे उकळी येईपर्यंत जितकी ऊर्जा जाते, त्याच्या जवळपास चौपट. इंडक्शनवर यात पावणेदोन तासांहून जास्त वेळ जातो. भांड्याच्या कडांमधून निसटणारी उष्णता यात धरलेलीच नाही. त्यामुळे शेगडी निवडण्याआधी आपली कृती वाचा. आटवायचं नसेल तर झाकण ठेवा, तिथेच पैसे वाचतात.

मग स्वस्त काय?

ढोबळ सूत्र सोपं आहे: १ युनिट वीज म्हणजे १०० ग्रॅम गॅस. एक किलो गॅसच्या दराला १० ने भागा आणि युनिटच्या दराशी ताडून पाहा. मात्र युनिटचा दर बिलातल्या सरासरीवरून काढू नका. वाढलेले युनिट वरच्या टप्प्यात मोजले जातात, त्या टप्प्याचा दर धरा.

गॅसचा हिशेब करताना बरेच जण घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धरतात. विक्रीच्या मालासाठी तो वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. विजेत मात्र सवलत आहे. राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० व वर्षाला ३६०० युनिटच्या आत असेल, तर महावितरणचा घरगुती दरच लागू होतो. आठवड्यातून दोन-तीनदा १० लिटर उकळणाऱ्याला एवढं पुरतं. रोज आटवायचं असेल, तर मोठ्या बर्नरची व्यावसायिक गॅस शेगडीच बरी.

इंडक्शन घेताय तर

चुंबक चिकटेल अशा जाड बुडाचंच पातेलं घ्या. पातळ बुडाच्या भांड्यात मधोमध साखर करपते, आणि सिरप करपलं की अख्खं पातेलं ओतून द्यावं लागतं. १० लिटर भरलेलं पातेलं १२-१३ किलोंवर जातं. तेवढा भार काच पेलते का, ते माहितीपत्रकात तपासा. २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात, म्हणून १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. एरवी एमसीबी पडते किंवा, त्याहून वाईट, पडत नाही आणि वायर तापत राहते.

बादलीत टाकायची हीटिंग कॉइल या कामासाठी नाहीच. ती खाद्यपदार्थासाठी बनवलेली नसते, साखर तिच्यावर जळून बसते आणि शॉकचा धोका वेगळाच.

कोकम किंवा लिंबू असेल तर अॅल्युमिनियमचं पातेलंही टाळा, आंबटाने धातू उतरतो. स्टेनलेस स्टीलची काही भांडी चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून दुकानात जाताना फ्रिजवरचा एखादा चुंबक खिशात टाका.