शिक्षा, क्षमा आणि स्मरण

आपल्या बाग सेवनियापासून भोपाळच्या दुसऱ्या टोकाला बैरागढ आहे. आज त्यास संत हिरदाराम नगर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तेथील बराकींत इंग्रजांनी इटालियन सैनिकांना कैदेत ठेवले होते. युद्ध संपल्यावर ते मायदेशी गेले आणि १९४७ च्या फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांनी आपले संसार मांडले.

बैरागढचे हे कैदी गुन्हेगार नव्हते. शत्रूच्या हाती सापडलेला सैनिक हा युद्धकैदी होय. लढणे हा त्याचा अपराध नव्हे. युद्ध संपले की त्यास परत पाठवावे लागते. परंतु ज्याने कैद्यांचा छळ केला, निःशस्त्र नागरिकांची कत्तल केली, तो युद्धगुन्हेगार ठरतो. युद्ध संपल्याने त्याची सुटका होत नाही. उलट, बहुधा तेव्हाच त्याचा न्याय सुरू होतो.

१९४५ नंतर जपानी सैनिकांवर असे खटले आशियात अनेक ठिकाणी चालले. सिंगापूर येथील पहिला खटला २१ जानेवारी १९४६ रोजी उभा राहिला, तो हिंदी जवानांच्या छळाचा होता. या युद्धकैद्यांना पॅसिफिक महासागरातील बाबेलथुआप बेटावर नेऊन त्यांचे अतोनात हाल करण्यात आले होते. एकाचा तर शिरच्छेद झाला. गोझावा सादाइची व इतर नऊ जण आरोपी होते.

फिलिपाइन्सची कथा याहून दारुण आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिला शहराच्या लढाईत सुमारे एक लक्ष नागरिक मृत्युमुखी पडले. एल्पिडिओ किरिनो यांची पत्नी व तीन मुले त्यांतच मारली गेली. हेच किरिनो १९४८ मध्ये त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. मुंतिनलुपा येथील तुरुंगात जपानी युद्धगुन्हेगार शिक्षा भोगत होते; जानेवारी १९५१ मध्ये त्यांपैकी चौदा जणांना फाशी देण्यात आले. पुढे जुलै १९५३ मध्ये किरिनो यांनी उरलेल्या शंभराहून अधिक कैद्यांना मायदेशी जाऊ दिले. ज्यांना देहदंड झाला होता त्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलून त्यांना टोकियोच्या सुगामो तुरुंगात पाठविले. जे लोक पुढे आपले मित्र होऊ शकतील त्यांच्याविषयीचा द्वेष आपल्या मुलांना वारशाने मिळू नये, असे त्यांनी या निर्णयाचे कारण सांगितले. निर्णयामागे राजकारणही होते आणि तो सर्वांना रुचला नाही. तथापि, ज्याचे स्वतःचे घर उजाड झाले त्याच्या तोंडी हे शब्द होते, हे विसरता येत नाही.

भारताचा मार्ग थोडा निराळा होता. टोकियोच्या न्यायासनावर बसलेले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ मध्ये, सर्व आरोपींना निर्दोष सोडावे, असे भिन्न मत नोंदविले. त्यांचा आक्षेप खटल्याच्या कायदेशीर पायावर होता. जपानी सैन्याने अत्याचार केलेच नाहीत, असे त्यांनी कोठेही म्हटले नाही. ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी स्वतंत्र तह केला आणि नुकसानभरपाईचा हक्क सोडून दिला. फिलिपाइन्सने मात्र १९५६ च्या कराराने ५५ कोटी डॉलर भरपाई ठरवून घेतली. मैत्री दोन्ही देशांनी केली.

विद्यार्थिमित्रहो, यातून क्षमेचे स्वरूप ध्यानात येते. क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे. मुंतिनलुपाच्या कैद्यांना क्षमा मिळाली ती साक्षीपुरावे होऊन, अपराध नोंदला गेल्यानंतर. अपराधच नाकारला तर क्षमा कशाची करावयाची? शिवाय मृतांच्या वतीने क्षमा करण्याचा पूर्ण अधिकार कोणासही नाही. राष्ट्राध्यक्ष फार तर शिक्षा कमी करू शकतो. ज्या माउलीचा मुलगा परत आला नाही, तिने काय करावे हे तिचे तिनेच ठरवावयाचे.

म्हणूनच शिक्षा, क्षमा आणि स्मरण ही तीन निरनिराळी कर्तव्ये आहेत. पहिले न्यायालयाचे, दुसरे ज्याने सोसले त्याचे. तिसरे मात्र आपणा सर्वांचे. इतिहासाच्या तासाला आपण तेच बजावीत असतो.