राख होण्याआधी

एप्रिलच्या अखेरीस परड्याच्या कोपऱ्यातला खड्डा मी पुन्हा साफ करते. तोंडाशी दोन हात रुंद, तळाशी वीतभर, गुडघाभर खोल. उतरत्या कडा फावड्याने चोपून घट्ट केलेल्या. शेजारी वर्षभराच्या करवंट्या, काजूच्या छाटलेल्या फांद्या, चुडतांचे दांडे. सगळं कडकडीत वाळलेलं हवं. एक ओलं लाकूड आत गेलं तरी वाडीभर धूर होतो.

आग वरून लावायची. तळाशी काटक्या रचून माथ्यावर पेटवल्या की लाकडातून निघणारा वायू ज्वाळांतच जळून जातो आणि हवेतला प्राणवायूही त्या ज्वाळाच संपवतात. खालच्या निखाऱ्यांना हवा पोचत नाही, म्हणून त्यांची राख न होता कोळसा होतो. निखाऱ्यांवर पांढुरकी झाक आली की पुढचा थर घालायचा. घाई केली तर आग दबून धूर येतो, उशीर झाला तर वरचा थर राख होऊन जातो. दोन-अडीच तास खड्ड्यावरून नजर हलवता येत नाही, आणि मला ते बसणं फार आवडतं.

पहिल्या वर्षी शेजारचे काका गडग्यापाशी येऊन म्हणाले, "ही तर भाजावळच!" त्यांनी जन्मभर तरव्याच्या जागी कवळ, पातेरा, शेण पसरून राब भाजलाय. त्याने तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं. "काका, तुम्ही आग पुरी होऊ देता," मी म्हटलं, "मी तिला मध्येच थांबवते." ते थांबले आणि शेवटच्या घागरी त्यांनीच ओतल्या. आग विझवायला पाणी भरपूर लागतं. आत एक निखारा जिवंत राहिला तर सकाळपर्यंत बराच माल राख झालेला असतो.

चांगला भाजलेला कोळसा एकमेकांवर आपटला की खणखणतो. बोटांवर चोळलेला काळेपणा नुसत्या पाण्याने निघतो. तेलकट राहिला तर भाजणं कच्चं. वाळक्या लाकडाच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढाच कोळसा हाती येतो.

आता यालाच बायोचार म्हणतात. पण खड्ड्यातून निघालेला कोळसा हे खत नव्हे, आणि हे मी वांगी पिवळी पाडून शिकले. पहिल्याच वर्षी कोरा कोळसा आळ्यांत मिसळला होता. पंधरवड्यात पानांचा रंग उतरला. कोरा कोळसा मातीतलं नत्र आधी स्वतःच धरून बसतो, झाडाला उरत नाही. म्हणून आता ओलाच गोणपाटात बांधून मोगरीने ठेचते (सुका ठेचला तर धूळ छातीत जाते), वाटाण्याएवढे तुकडे झाले की तेवढंच कुजलेलं शेणखत घालते, वर गोमूत्र आणि शेणकाला शिंपडते आणि महिनाभर सावलीत झाकून ठेवते. मग दहा पाट्या मातीला त्यातली एक पाटी.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीची, 'टेरा प्रेटा'ची, गोष्ट मला इथे आठवते. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांनी १९६६ साली त्या खोऱ्यातल्या मातींवर पुस्तक लिहिलं, त्यात या मातीचीही दखल आहे. आजूबाजूची जमीन पावसाने धुतलेली, आम्ल, निकस. मधेच जुन्या वस्त्यांच्या जागी काळीभोर, सुपीक माती. तिच्यात कोळशाबरोबर हाडं, माशांचे काटे, खापरं, राख सापडते. म्हणजे तिथेही कोळसा एकटा नव्हता, घरादाराचा उकिरडा त्याच्यात मुरला होता.

आमच्या जांभ्या मातीचं दुखणं तसंच आहे. रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घातलेलं खत आषाढातच वाहून जातं. कोळशाच्या छिद्रांत ते थोडं अडकून राहतं, आणि त्याच्या अल्कधर्मी गुणाने मातीची आम्लताही उतरते. देशावरच्या मावशीने मात्र विचारलं तेव्हा तिला मी हात आखडता घ्यायला सांगितलं. तिची काळी माती आधीच अल्कधर्मी आणि पाणी धरणारी. एका कुंडीत करून बघ, म्हटलं, आणि राख अजिबात नको.

कोळसा शेणखतासारखा कुजून संपत नाही, शेकडो वर्षं मातीत टिकतो. त्यामुळे एका वाफ्याला एकदा दिला की पुन्हा नको; शेणखत तेवढं दरवर्षी. तीन वाफे झालेत. यंदाचा पडवळाच्या मांडवाखालचा. करवंट्या अजून दोन पाट्या कमी पडताहेत.